निरोप एक, वाटा पाच

(जिल्हा बैठकीत कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर या सत्राचे नाव ‘प्रचारयंत्रणा’ असे छापले आहे. नाव भारदस्त आहे, विषय साधा आहे. जिल्ह्याला कळलेली गोष्ट शेवटच्या वाडीवरच्या कापूसवाल्याला आणि ज्वारीवाल्याला वेळेत, जशीच्या तशी कशी कळेल, एवढाच तो विषय. त्यासाठी आज आपल्या हातात व्हॉट्सअ‍ॅप आहे, फेसबुक आहे, टेलिग्राम, यूट्यूब, इन्स्टाग्राम आहे, पूर्वी ट्विटर म्हणायचे ते एक्स आहे. एकच मजकूर या सगळ्या ठिकाणी एका वेळी टाकावा का, टाकायचा तर कोणी आणि कसा, हे आज ठरवायचे आहे.

काही जुने कार्यकर्ते म्हणतील, हे पोरांचे खेळ आहेत, भावाबद्दल बोला. भावाबद्दलच बोलतो.

एका निरोपाची किंमत

१८ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. मुदत होती १९ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर. बातमी गावोगाव फिरली. ज्याने ती वाचली त्याने मनाशी हिशोब केला: आपली वेचणी दसऱ्याच्या पुढेमागे, तोवर शुल्क पुन्हा लागेल, आपल्याला झळ लागणार नाही. दहा दिवसांनी, २८ ऑगस्टला, सरकारने तीच मुदत ३१ डिसेंबरपर्यंत नेली. म्हणजे पहिली, दुसरी वेचणी बाजारात येईल तो सगळा काळ परदेशी कापसाला दार उघडे. दुसरी बातमी ज्याला मिळाली त्याचा हिशोब बदलला. ज्याला मिळाली नाही तो पहिल्याच हिशोबावर बसून राहिला. त्याच्या फोनमधली बातमी १८ तारखेला खरी होती, २८ नंतर ती खोटी झाली. पण फोनमधून ती गेली नाही.

त्याच हंगामात कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ नावाच्या अ‍ॅपवर नोंदणी लावली. नोंदणी १ सप्टेंबर २०२५ पासून, पहिली मुदत ३० सप्टेंबर. पुढे मुदत वाढली. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. आता समजा, ‘मुदत संपली’ एवढेच एका शेतकऱ्याला कळले आणि ‘मुदत वाढली’ हे कळले नाही. तो खेडा खरेदीवाल्याकडे गेला आणि क्विंटलमागे ८०० रुपये कमी घेऊन आला. २० क्विंटल कापसावर १६,००० रुपये गेले. जमीन तीच, पाऊस तोच, वाण तोच, घाम तोच. फरक एका निरोपाचा.

म्हणून आम्ही म्हणतो, निरोप हासुद्धा शेतीचा एक निविष्ठा खर्च आहे. बियाणे, खत, फवारणी यांचा हिशोब आपण मांडतो. निरोपाचा मांडत नाही.

चाडे आणि नळ्या

पूर्वी गावात कोतवाल दवंडी द्यायचा. चावडीपुढे, मारुतीच्या पारावर, वेशीत, वस्तीत, प्रत्येक चौकात तोच मजकूर. एकदाच, एकाच जागी ओरडून तो घरी गेला असता तर त्याला कोणी दवंडी म्हटले नसते. तेव्हा एकच गोष्ट पाच जागी सांगणे यात नवे काहीच नाही. फक्त कोतवाल पाच चौकांत फिरायचा, आता मजकूर फिरतो.

आपल्या रोजच्या अवजारातला दाखला घ्या. ज्वारी पेरताना तिफणीला चाडे एकच असते. चाड्यातून नळ्या निघतात आणि प्रत्येक नळी आपापल्या तासात बी सोडते. एका मुठीत तीन तासे पेरली जातात, हा तिफणीचा फायदा. पण तिचे दोन धोके पेरणाऱ्या बाईला चांगले ठाऊक असतात. एक, चाड्यात किडके बी पडले तर तिन्ही तासे वाया. दोन, एखादी नळी मातीने तुंबली तर चालताना कळत नाही. आठ दिवसांनी एक तास मोकळे दिसते तेव्हा कळते, आणि तोवर ओल गेलेली असते.

एकाच वेळी सगळीकडे मजकूर टाकण्याचे फायदे-तोटे नेमके हेच आहेत. आज अशा सेवा मिळतात, की मजकूर एकदा लिहा, त्या तो फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर, एक्सवर परस्पर टाकतात, हव्या त्या वेळेला टाकतात. फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी तर त्या कंपनीचीच फुकट सोय आहे. वेळ वाचतो, मजकूर सगळीकडे एकसारखा राहतो. आपला तालुक्याचा कार्यकर्ता दिवसभर रानात असतो. त्याला सहा ठिकाणी सहा वेळा टंकत बसायला वेळ कुठला? म्हणून ही सोय वापरायची, यात आम्हाला शंका नाही.

पण चूक झाली तर तीही एका झटक्यात सहा ठिकाणी पेरली जाते. आणि एखादी नळी बंद पडली तरी यंत्र काम करत असल्याचा भास होतो. २०२३ साली ट्विटरने बाहेरच्या सेवांना दिलेली जुनी फुकट मुभा काढून पैसे लावले. फुकटात इकडचा मजकूर तिकडे नेणाऱ्या काही सेवा त्यात बंद पडल्या. ज्यांनी एकदा जोडून ठेवले आणि पुन्हा पाहिले नाही, त्यांचे तास मोकळे राहिले. म्हणून तिफणीमागे चालणारे माणूस लागते. यंत्र पेरते, मागे वळून बघायचे काम माणसाचे.

दिल्लीच्या वेशीवर काय झाले

हे सगळे कल्पनेतले नाही. शेतकऱ्यांनी अलीकडे मोठ्या प्रमाणावर हे केलेले आहे. २६ नोव्हेंबर २०२० पासून पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेशातले शेतकरी दिल्लीच्या सीमांवर बसले. त्या तीन कायद्यांबद्दल शेतकरी चळवळीत दोन मते होती, आजही आहेत. तो वाद आजच्या सत्रात नको. आज फक्त त्यांची निरोपाची व्यवस्था पाहू.

डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी ‘किसान एकता मोर्चा’ या नावाने फेसबुक, ट्विटर, यूट्यूब, इन्स्टाग्राम असे सगळीकडे एकदम आपले फलक लावले. मंचावर जे ठरले ते सगळीकडे एका नावाने, एका चिन्हाने जायचे. २० डिसेंबरला फेसबुकवरचे त्यांचे पान काही तास बंद झाले. बाकीच्या वाटा चालू होत्या, म्हणून पान बंद झाल्याची बातमीच त्या वाटांनी देशभर गेली आणि पान परत सुरू झाले. १ फेब्रुवारी २०२१ ला सरकारच्या सांगण्यावरून ट्विटरवरचे त्यांचे खाते भारतात रोखले गेले, त्याच दिवशी परत उघडले. एकच वाट धरली असती तर त्या दोन दिवशी ते मुके झाले असते.

पण त्याच गोष्टीची दुसरी बाजूही लक्षात घ्या. जानेवारी २०२१ च्या शेवटी सिंघू, टिकरी, गाझीपूर या तिन्ही ठिकाणी इंटरनेटच बंद करण्यात आले. मग फेसबुक काय आणि यूट्यूब काय, सगळ्या नळ्या एकाच वेळी कोरड्या. तेव्हा उरला तो भोंगा, लंगरच्या पंगतीतले बोलणे आणि कागद. कागदाची सोय त्यांनी आधीच केली होती. १८ डिसेंबर २०२० पासून ‘ट्रॉली टाइम्स’ नावाचे चार पानांचे पत्र पंजाबी आणि हिंदीत निघत होते. हातात फोन असलेल्या तरुण पोरांनी हातातला कागद सोडला नाही, ही त्यांची शहाणीव.

मालक मोजा, वाटा नव्हे

यातून पुढचा मुद्दा निघतो. कार्यकर्ते अभिमानाने सांगतात, आमचा निरोप तीन ठिकाणी जातो: व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर. भावांनो, ही तीन ठिकाणे नाहीत. तिन्हींचा मालक एक. फेसबुकने २०१२ साली इन्स्टाग्राम घेतले, २०१४ साली व्हॉट्सअ‍ॅप घेतले. ४ ऑक्टोबर २०२१ ला या कंपनीच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि तिन्ही एकदम सुमारे सहा तास जगभर बंद पडली. कोरडवाहू शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. कपाशीत तुरीचे तास आपण का घेतो? कपाशी गेली तर तूर हाती लागावी म्हणून. कपाशीचेच तीन वाण लावून कोणी म्हणाला, मी मिश्र पीक घेतले, तर आपण हसू. दुष्काळ पडला तर तिन्ही वाण वाळणारच.

आणि मालक भला असला तरी जागा भाड्याचीच असते. एकेकाळी तरुण पोरांच्या तोंडी असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाले. गुगल प्लस २ एप्रिल २०१९ ला गेले. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. खेड्यापाड्यातल्या कितीतरी मराठी पोरापोरींनी तिथे जमवलेली माणसे एका रात्रीत दिसेनाशी झाली. देशी म्हणून गाजलेले कू जुलै २०२४ मध्ये बंद झाले. यात कोण बरोबर, कोण चूक, हा प्रश्न वेगळा. आपल्यापुरता धडा असा, की दुसऱ्याच्या बांधावर गंजी रचली तर गंजी आपली, पण बांध त्याचा.

मग आपले स्वतःचे काय? आपली स्वतःची मालमत्ता दोन वह्या. एक निरोपवही: प्रत्येक निरोपाचा मूळ मजकूर, क्रमांक घालून. दुसरी नाववही: गाव, नाव, फोन नंबर, आणि त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचायचे. कोणाला व्हॉट्सअ‍ॅप, कोणाला साधा संदेश, कोणाला शेजाऱ्याकडून निरोप. ज्याला जमेल त्या तालुक्याने निरोपवही आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी, बाकीच्यांनी कागदावर ठेवली तरी चालेल. मूळ मजकूर नेहमी आपल्याकडे. बाहेर जातात त्या नकला. एखादे दुकान बंद झाले तर नकला गेल्या, मूळ राहिले.

बी तेच, पण जमीन पाहून

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो ते पहिले काम म्हणजे जमीन पाहणे. भारी काळी जमीन असेल तर कपाशीचे अंतर वेगळे, हलकी बरड असेल तर वेगळे. बी तेच असते. निरोपाचेही तसेच आहे. एक्सवर फुकट खातेदाराला २८० अक्षरांची मर्यादा. इन्स्टाग्रामवर चित्राखालच्या मजकुरात दिलेला दुवा दाबून उघडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे स्टेटस २४ तासांनी आपोआप जाते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात १,०२४ पर्यंत माणसे मावतात, पण सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, म्हणून पुष्कळ बाया तिथे यायला नको म्हणतात, आणि त्यांचे बरोबर आहे. प्रक्षेपण यादीत नंबर दिसत नाहीत, पण तिची मर्यादा २५६, आणि ज्याने आपला नंबर साठवला आहे त्यालाच निरोप पोचतो. तालुक्याच्या कार्यकर्त्याने शंभर जणांना निरोप पाठवला म्हणजे शंभरांना पोचला, असे समजू नये.

आता धोका कुठे आहे तो पाहा. मर्यादेत बसवण्यासाठी मजकूर छाटला जातो, आणि छाटताना अर्थ छाटला जातो. गुलाबी बोंडअळीचा सल्ला असा आहे: टेहळणीसाठी एकरी दोन कामगंध सापळे लावा, आणि सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा अधिक पतंग आले तर उपायाला लागा. कोणीतरी जागा वाचवायला लिहिले, ‘सापळ्यात ८ पतंग दिसताच फवारा.’ ‘सलग तीन दिवस’ गळले. झाले! एका संध्याकाळी आठ पतंग पाहून गावाने फवारणी केली. औषधाचा खर्च गेला, मजुरी गेली, मित्रकिडी मेल्या. किंवा मात्रा लिहिली आणि साध्या पंपाची की पेट्रोल पंपाची हे लिहिले नाही. दोन्हींची मात्रा वेगळी असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरू शकत नाही. औषधाचा निरोप म्हणजे चेष्टा नव्हे.

म्हणून नियम असा, की छाटायचे ते शोभेचे. तारीख, मात्रा, अट आणि ‘नाही’ हा शब्द कधी छाटायचा नाही. मजकूर मावत नसेल तर त्या ठिकाणी मजकूर टाकू नका. ‘निरोप क्रमांक अमुक, पूर्ण वाचा, नंतरच कृती करा’ एवढे टाका. आवाजात निरोप पाठवायचा असेल, आणि न वाचणाऱ्यांसाठी तो पाठवलाच पाहिजे, तर वहीतला मजकूर शब्दशः वाचा. मनाने भर घालू नका.

दुरुस्ती मागून येते आणि लंगडत येते

पहिली बातमी घोड्यावर जाते, दुरुस्ती पायी जाते. कारण मुदत वाढली, खरेदी केंद्र बदलले, बैठक पुढे गेली, ही बातमी पुढे पाठवायला कोणाला चव नसते. त्यात प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांत बदलता येतो, नंतर नाही. आणि पुढे गेलेल्या नकलेवर आपला काहीच ताबा नाही. फेसबुकवर नंतरही बदलता येतो. एक्सवर फुकट खात्याला बदलताच येत नाही, पुसून नवा टाकावा लागतो. यूट्यूबवर चढवलेली चित्रफीत बदलून दुसरी ठेवता येत नाही. फार तर नाव बदला, नाहीतर काढून टाका. पाच ठिकाणी टाकलेला निरोप दुरुस्त करणे म्हणजे पाच वेगळी कामे आहेत. टाकणे एका बोटाचे, काढणे पाच जणांचे.

म्हणून प्रत्येक निरोपावर चार गोष्टी हव्यात: क्रमांक, तारीख आणि वेळ, ‘अमुक तारखेपर्यंतच लागू’ ही ओळ, आणि माहिती कुठून घेतली ते. दुरुस्तीला नवा क्रमांक द्यायचा आणि पहिल्या ओळीत लिहायचे, ‘निरोप ४१ रद्द, हा ४२ धरा.’ ज्या ज्या वाटेने ४१ गेला त्या त्या वाटेने ४२ गेलाच पाहिजे. कोणत्या वाटांनी गेला होता हे कसे कळणार? निरोपवहीत लिहिलेले असेल म्हणून.

आणि ज्याला क्रमांक नाही, तारीख नाही, तो मजकूर आपल्या नावाने आला तरी आपला नाही, हे गावागावांत सांगा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, पोरे पळवणारी टोळी आली या अफवेवरून भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. ती अफवाही फोनवरूनच फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे केले. काही पोरे या मर्यादेला वळसा घालणारी चोरटी अ‍ॅप वापरतात. तसे करू नका. नंबर कायमचा बंद होऊ शकतो, आणि तालुक्याची वाट ऐन हंगामात तुटेल. घाईपेक्षा मर्यादा बरी. पाच जणांनी पाच-पाच ठिकाणी पाठवले तर पंचवीस होतातच.

एक सक्त सूचना. उदाहरण म्हणून कोणाचा सातबारा, आधार, बँकेचे पुस्तक, अनुदानाची यादी यांचे फोटो सगळीकडे टाकण्याची सवय मोडा. ज्या वाटेने आपला निरोप जातो, त्याच वाटेने ठकही बसलेले असतात.

सगळेच सगळीकडे नको

आता उलट बाजूचा प्रश्न. एक माणूस पाच गटांत असतो. त्याला एकच निरोप पाच वेळा गेला तर सहाव्या वेळी तो गटाचा आवाज बंद करून ठेवतो. मग खरा निरोप येतो तेव्हाही तो बंदच असतो. लांडगा आला रे आला, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पुढाऱ्याच्या वाढदिवसाची छायाचित्रे, सुप्रभात, हारतुरे सहा वाटांनी पाठवणारी जिल्हा शाखा आपल्याच नळ्यांत माती भरते.

सगळ्या वाटांनी एकदम जावे असे निरोप तीनच प्रकारचे. एक, मुदत: नोंदणी, पीक विमा, खरेदी, अर्ज. दोन, धोका: कीड, विषबाधा, अतिवृष्टी, बोगस बियाणे. तीन, हाक: मोर्चा, सभा, धरणे. बाकी सगळे एकेका जागी ठेवा. रोजचे भाव एका चॅनलवर, भाषणे यूट्यूबवर, चर्चा गटात. ज्याला हवे तो तिथे जाईल.

आणि कोतवालाची एक गोष्ट आपण विसरलो आहोत. दवंडी दिल्यावर लोक त्याला तिथेच विचारायचे, आणि तो थांबून उत्तर द्यायचा. सगळीकडे मजकूर टाकून निघून जाणारा कार्यकर्ता लोकांना आठ दिवसांत ओळखू येतो. सोळा टक्के ओलाव्याचा कापूस केंद्रावर घेतील का, असे एखाद्या भावाने फेसबुकवर विचारले आणि तीन दिवस उत्तर मिळाले नाही, तर तो गाडी भरून जाईल आणि परत येईल. बारा टक्क्यांवरचा ओलावा चालत नाही हे त्याला केंद्रावरच कळेल. जिथे उत्तर द्यायला माणूस नाही, ती वाट उघडू नये. तीन वाटा जागत्या असाव्यात, पण सात वाटा ओसाड नकोत.

फोन नसलेल्याचे काय

आपण इथे बसलेल्यांच्या खिशात मोठे फोन आहेत. पण वेचणीला जाणाऱ्या किती बायांच्या हातात आहेत? घरात एक फोन असेल तर तो कोणाच्या खिशात असतो? विषबाधेचा निरोप सगळ्यांत आधी ज्याला हवा, तो पाठीवर पंप घेणारा मजूर बहुतेक वेळा आपल्या एकाही गटात नसतो. म्हणून आम्ही पाच वाटा म्हणतो तेव्हा पाचही फोनच्या नव्हेत. एक, व्हॉट्सअ‍ॅप. दोन, वेगळ्या मालकाची एक जागा, टेलिग्राम किंवा यूट्यूब. तीन, साधा संदेश किंवा फोन. चार, चावडीवरचा किंवा सोसायटीपुढचा फळा. पाच, तोंडी निरोप: पाणवठा, गिरणी, बाजार, भोंगा. पहिल्या तीन वाटा बंद पडल्या तरी शेवटच्या दोन कोणाला बंद करता येत नाहीत. फळ्यावरही तोच क्रमांक, तीच तारीख लिहा. खडूने लिहिले म्हणून निरोप कच्चा होत नाही.

काय करायचे

आजच्या बैठकीने ठरवावे असे आम्ही पुढे मांडतो.

१. प्रत्येक तालुक्याने निरोपवही आणि नाववही या महिन्यात सुरू करावी.

२. निरोप लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय चाड्यात बी पडू नये.

३. प्रत्येक वाटेला एक नावाचा माणूस, आणि तो बाहेरगावी गेला तर दुसरा. निदान एका वाटेवर बाई कार्यकर्ती असावी, म्हणजे बाया विचारतील.

४. प्रत्येक खात्याचा परवलीचा शब्द किमान दोघांकडे असावा. माणूस संघटना सोडून गेला म्हणून संघटनेचे पान त्याच्याबरोबर जाता कामा नये.

५. दर सोमवारी सगळ्या वाटा उघडून पाहाव्यात. मोकळे तास दिसले तर त्याच दिवशी नळी साफ करावी.

शेवटचे काम परीक्षेचे आहे. पेरणीआधी आपण गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण पाहतो. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७५ टक्के उगवण लागते; कमी भरली तर ते बी आपण शेतात नेत नाही. तशीच परीक्षा आपल्या निरोपाची घेऊ. येत्या सोमवारी निरोप क्रमांक १ पाचही वाटांनी निघेल. त्यात एवढेच असेल: तुमच्या तालुक्याच्या पुढच्या बैठकीची तारीख आणि जागा. पुढच्या आठवडी बाजाराला प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याने ओळखीचे नसलेले शंभर शेतकरी गाठायचे, त्यांत निदान तीस बाया आणि वीस मजूर, आणि दोनच प्रश्न विचारायचे: बैठक कधी आहे? तुम्हाला कोणी सांगितले? उत्तरे वहीत लिहायची. शंभरात पंचाहत्तरांनी बरोबर तारीख सांगितली तर त्या तालुक्याची तिफण चालू आहे. चाळीस भरले तर कोणती नळी तुंबली ते दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून कळेल.

आकडे घेऊन पुढच्या जिल्हा बैठकीला या. कमी आकडा आणणाऱ्याला कोणी बोलणार नाही. फुगवलेला आकडा आणणाऱ्याला मात्र बोलू. कापूस वेचणीला येईल, सरकारचे हुकूम पुन्हा बदलतील, मुदती पुन्हा सरकतील. तेव्हा १६,००० रुपयांचा तो निरोप आपल्या एकाही भावाच्या, एकाही मायबहिणीच्या दाराबाहेर अडकून राहू नये, एवढ्यासाठी ही खटपट.

सोमवारचा निरोप लिहायला कोण बसणार आणि तपासायला कोण, ती दोन नावे प्रत्येक तालुक्याने उठण्याआधी इथेच द्यावीत.